कुणाकडचे?

लग्नाच्या मांडवात एकटेदुकटे शिरणाऱ्या पाहुण्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'आपण कुणाकडचे?' मुलीकडचे की मुलाकडचे, एवढे सांगितले की पुढचे सगळे सुरळीत होते. बसायची जागा ठरते, सरबताचा पेला हाती येतो. 'कुणाकडचाच नाही, सहज आलो' हे उत्तर मांडवात चालत नाही. फुटबॉलच्या लहान मैदानावरही ते चालत नाही, हे आम्हांला गेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या भटकंतीत पुनःपुन्हा कळत आले आहे. मोठ्या स्टेडियमवर हा प्रश्न तिकिटावरच छापलेला असतो : अमुक दरवाजा, तमुक स्टँड. लहान मैदानावर दरवाजाही नसतो आणि स्टँडही. असतो तो शेजारी येऊन टेकलेला एक वयस्क गृहस्थ. पहिली दहा मिनिटे तो आपल्याला न्याहाळतो आणि मग मान न वळवता विचारतो, 'कुणाकडचे?'

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक कोल्हापूरच्या पेठेत वाढलेला, दुसरा सावंतवाडीकडचा. सोयीसाठी यापुढे त्यांना कोल्हापूरकर आणि वाडीकर म्हणू. नोकरीचे गाव या दोन्हींच्या अधेमधे असल्यामुळे एका दिशेला कोल्हापूर आणि दुसऱ्या दिशेला गोवा एस.टी.च्या टप्प्यात येते. सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की रविवारी सकाळी निघावे, कुठल्याशा मैदानावर दुपारचा सामना पाहावा आणि रात्रीच्या गाडीने परतावे, असा परिपाठ पडला. बरोबर एक वही असते. तिच्यात चार रकाने : मैदान, संघ, निकाल, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा चहाविषयी काहीतरी लिहिलेले असते. या वहीतल्या एका शेऱ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. पण तिथवर यायला थोडा वेळ लागेल.

इंग्लंडमध्ये या छंदाला 'ग्राउंडहॉपिंग' म्हणतात आणि तो तिथे पुरता शिस्तबद्ध आहे. प्रीमियर लीगचे २० आणि तिच्याखालच्या तीन विभागांचे ७२ असे ९२ संघ. या सगळ्यांच्या मैदानांवर प्रत्यक्ष सामना पाहिलेल्यांसाठी १९७८ साली 'नाइंटी-टू क्लब' निघाला. यातली गंमत अशी की ९२ ही संख्या कायम राहते, मात्र तिच्यातली नावे बदलत राहतात. दरवर्षी काही संघ खाली घसरतात, काही वर येतात. म्हणजे ज्याने सगळे पाहून संपवले त्याचेही पुढच्या ऑगस्टात काहीतरी उरतेच. खरे भाविक मात्र या ९२ वर थांबत नाहीत. ते आणखी खाली, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात. ज्या संघांचा गोलरक्षक आठवडाभर नळदुरुस्ती करतो आणि अध्यक्षांची पत्नी चहाच्या खिडकीत उभी असते, तिथवर पोचतात. शेफील्ड शहरात १८५७ साली स्थापन झालेला शेफील्ड एफ.सी. हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो, आणि १८६० साली निघालेल्या हॅलम क्लबचे त्याच शहरातले सँडीगेट हे सर्वांत जुने मैदान. या मैदानाला चक्क उतार आहे. आम्ही यांतले एकही मैदान पाहिलेले नाही. पण दीडशे वर्षांहून अधिक काळ उतारावर फुटबॉल खेळत राहण्यात, आणि तो उतार बुजवावासा न वाटण्यात, जी एक समजूत आहे ती आमच्या ओळखीची वाटते.

आपल्याकडे शिड्या इतक्या आखीव नाहीत. 'खालची लीग' म्हणावे तर कशाच्या खालची, हा प्रश्न पडतो. कोल्हापूरचेच पाहा. छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे के.एस.ए.ची, लीग चालते. दिवाळीच्या आगेमागे हंगामाचे वारे सुरू होते आणि वळवाच्या पावसापर्यंत लीग आणि निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा एकामागून एक होत राहतात. देशाच्या फुटबॉलच्या नकाशावर ही स्थानिक लीग. पण मोठ्या लढतीच्या दिवशी तिथे जमणारी हजारोंची गर्दी अनेक राष्ट्रीय दर्जाच्या सामन्यांना मिळत नाही. या संघांची नावे नुसती मोठ्याने वाचली तरी शहराचा नकाशा उभा राहतो : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, फुलेवाडी. 'युनायटेड' आणि 'सिटी' यांच्या जगात संघाच्या नावात 'तालीम' हा शब्द यावा, यात या शहराचा सगळा इतिहास आला.

तालीम म्हणजे मूळची कुस्तीची. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती वाढली. १९१२ साली खासबागचे मैदान बांधून पूर्ण झाले. पेठेपेठेत तालमी होत्याच. तांबड्या मातीत घुमणाऱ्या पोरांच्या पायांत पुढे फुटबॉल आला, तेव्हा त्याला वेगळे घर शोधावे लागले नाही. तालमीनेच त्याला दत्तक घेतले. ज्या खोलीत गणपती बसतो, जिथे पेठेतले तंटे मिटतात (किंवा सुरू होतात), तिथेच संघाच्या जर्सी धुऊन वाळत पडतात. म्हणून कोल्हापुरात संघ निवडता येत नाही. तो आडनावासारखा जन्माबरोबर मिळतो. आमच्या कोल्हापूरकराचा संघ कोणता, हे इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर त्याचे निम्मे आप्त आणि सगळे विद्यार्थी उरलेला लेख त्या दृष्टीने वाचतील.

या मैदानावर आम्ही प्रथम गेलो तेव्हा कोल्हापूरकराने वाडीकराला बजावून सांगितले होते, 'आपण फक्त खेळ बघायला आलोय.' विसाव्या मिनिटाला तो स्वतः उभा राहून ओरडत होता, 'आरं, पास दे की लेका! एकटाच कुठं निघालास?' वर्गात मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारावर बोलणारा हा मनुष्य. वाडीकर त्या दिवशी मैदानाकडे कमी आणि मित्राकडे अधिक पाहत होता. मध्यंतरात भडंग खाताना त्याने विचारले, 'मघाशी ओरडलास तो कोण?' कोल्हापूरकर म्हणाला, 'आमचे वडील.' वडील जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. ते त्याच पायऱ्यांवर बसून तेच ओरडत असत.

भाषेच्या मास्तरांना लहान मैदान आवडण्याचे एक कारण निव्वळ कानाचे आहे. मोठ्या स्टेडियमवर आवाजाची एक सलग भिंत असते, तिच्यातले शब्द सुटे होत नाहीत. इथे सगळे ऐकू येते. बूट चेंडूला लागल्याचा ठप्प आवाज, बचावपटूने पंचांपाशी केलेली तक्रार, आणि गोलरक्षकाचे अखंड स्वगत. गोलरक्षक सगळीकडे बोलत असतो. त्याला सगळे मैदान दिसते आणि करता काहीच येत नाही, त्यामुळे तो बोलतो. आमच्यासारख्यांना त्याच्याविषयी आपुलकी वाटते ती यासाठीच. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र या सगळ्याचे एक निराळेच मराठी होते. 'पूर्वार्धात गोलशून्य बरोबरी', 'उत्तरार्धात चढायांना धार', 'बचावफळी भेदून मैदानी गोल', 'टायब्रेकरवर मात'. कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत तालमींच्या सामन्यांची अशी वर्णने वर्षानुवर्षे छापून येत आहेत. 'पास दे की लेका' पासून 'समन्वयाचा अभाव' पर्यंतचा हा प्रवास म्हणजे बोली आणि प्रमाणभाषा यांच्या संबंधावरचे एक तयार प्रकरणच. आमच्या एका विद्यार्थ्याने त्यावर प्रकल्प केलाही. त्याला गुण किती द्यावेत यावर आम्हां दोघांत मतभेद झाले, कारण त्यातली सगळी उदाहरणे एकाच संघाच्या विजयांची होती.

याच मैदानांतून वर जाणारी वाट फार अरुंद आहे. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. त्या ऑक्टोबरात शहरात जागोजागी त्याचे फलक लागले होते. पण असा एखादाच. बाकीचे पेठेसाठी खेळतात, गुडघा जायबंदी होईतो खेळतात, आणि मग पायऱ्यांवर येऊन बसतात. आमच्या शेजारी येऊन 'कुणाकडचे?' विचारणाऱ्या गृहस्थांपैकी निम्मे असे जुने खेळाडू असतात. त्यांच्या बोलण्यात एखादा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा गोल हटकून येतो, आणि तो दर वेळी थोडा अधिक दुरून मारलेला असतो.

गोव्याची तऱ्हा वेगळी. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीत फुटबॉल आणला असे सांगतात. चर्च आणि मैदान यांची जवळीक तेव्हापासूनची. पुष्कळ गावांत पांढऱ्या चर्चसमोरच मैदान असते आणि संध्याकाळच्या घंटेला खेळणारी मुले क्षणभर थबकतात. म्हापशाचे दुलेर, वास्कोचे टिळक मैदान, मडगावजवळचे फातोर्डा ही नावाजलेली ठिकाणे. पण आम्हांला ओढ असते ती आडगावांची. भातकापणी झाली की खळखळीत वाळलेल्या शेतात बांबूचे गोलखांब उभे राहतात. धसकटे पायांना टोचू नयेत म्हणून आधी रेडे फिरवावेत तशी मुलेच त्यावरून धावून घेतात. गावागावांतल्या स्पर्धा, वाड्यावाड्यांतल्या स्पर्धा. बघे स्कूटर मैदानाकडे तोंड करून लावतात आणि तिच्यावरच बसून सामना पाहतात. रेषेबाहेर गेलेला चेंडू कधी कुणाच्या माडाच्या आळ्यात, कधी व्हाळात. तो येईपर्यंत पंचांसकट सगळे थांबतात. वाडीकराला तिथली बोली येते. त्यामुळे गोव्यात कोल्हापूरकर गप्प असतो आणि वाडीकर चहाबरोबर चोरीस-पाव मागवून माणसे जोडतो.

गोव्यात २०१६ साली एक उदास गोष्ट घडली. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन संघांनी राष्ट्रीय आय-लीगमधून माघार घेतली. यांतला धेंपो तर पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. देशातल्या लीगची जी नवी रचना होत होती तिच्यात आपल्याला स्थान उरत नाही, ही त्यांची तक्रार होती. मोठे संघ गोव्याच्या स्थानिक लीगपुरते उरले, तेव्हा आम्ही दुलेरवर त्यांचा एक सामना पाहिला. ज्या संघाला एके काळी दूरदर्शनवर पाहिले त्याला शे-दीडशे माणसांत बसून पाहणे हा विलक्षण अनुभव होता. वाडीकराचा शेरा वहीत आहे : 'मोठा नट तालुक्याच्या नाट्यगृहात.' कोल्हापूरकराने त्याखाली लिहिले आहे : 'पण संवाद तेच.'

आता मुद्द्याकडे येतो.

वर्गात रसचर्चा शिकवताना आम्ही दोघेही भट्टनायकापाशी रेंगाळतो. त्याचा 'हृदयदर्पण' हा ग्रंथ काळाच्या ओघात हरवला. तो आपल्याला कळतो तो अभिनवगुप्ताने केलेल्या चर्चेतून. भट्टनायकाचे म्हणणे थोडक्यात असे की रंगभूमीवरचे दुःख प्रेक्षकाला 'परक्याचे' म्हणून जाणवले तर तो कोरडा राहील, आणि 'माझेच' म्हणून जाणवले तर तो उठून रडू लागेल. दोन्ही स्थितींत रस नाही. तो आपपरभाव गळून पडल्यावर येतो. त्यालाच साधारणीकरण म्हणायचे. विद्यार्थ्यांना हे पटवून देण्यासाठी आम्ही कितीदा फुटबॉलचे उदाहरण दिले असेल! कट्टर समर्थकाला खेळाचे सौंदर्य दिसत नाही, कारण तो 'माझे' मध्ये अडकलेला. खेळ न कळणाऱ्यालाही दिसत नाही, कारण त्याला सगळे 'परके'. खरा सहृदय म्हणजे आमच्यासारखा भटका प्रेक्षक, कुणाकडचाच नसलेला. हे सांगताना आम्हांला स्वतःविषयी बरे वाटत असे, हे आता कबूल करायला हवे.

'तटस्थ' म्हणजे तटावर उभा राहिलेला. प्रवाहात कुणी बुडत असेल तर तटावर उभे राहणे ही भूमिका नसते, ती फक्त एक जागा असते. हे शब्दकोशात नाही.

२०१९ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मैदानाचे आणि गावाचे नाव लिहीत नाही. ते लिहिले तर वाचक 'तिथे असेच चालते' म्हणून मोकळे होतील, आणि आम्हीही. या भागातल्या स्पर्धांमध्ये आफ्रिकेतून आलेले खेळाडू बरीच वर्षे खेळत आहेत. गोव्याच्या मोठ्या संघांतून रँटी मार्टिन्स, ओडाफा ओकोली यांच्यासारख्या नायजेरियन खेळाडूंनी नाव कमावले. त्यामागून लहान स्पर्धांमध्येही असे खेळाडू येऊ लागले. त्या दिवशीच्या एका संघात असा एक जण होता. पाठीवर नऊ आकडा. उंच, थोडा सावकाश, पण चेंडू पायाशी आला की मैदान त्याच्याभोवती मंदावल्यासारखे वाटे. त्याच्याच संघाचे लोक त्याला 'काळ्या' म्हणून हाका मारत होते, आणि त्या हाकेत प्रेम होते हेही खरे. आपल्याकडे घरोघरी एखादा काळ्या असतोच, असे आम्ही एकमेकांना म्हणालोही.

उत्तरार्धात त्याने गोल केला. त्यानंतर त्याच्याकडे चेंडू गेला की आमच्या मागच्या बाजूने माकडासारखा आवाज येऊ लागला. आधी दोघे-तिघे, मग पंधरा-वीस. आम्ही वळून पाहिले नाही. आमच्या शेजारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. चष्मा लावलेला, हातात उसाच्या रसाचा प्लास्टिकचा पेला. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा तो दचकला. मग त्याने मागे पाहिले; आणि मग आमच्याकडे पाहिले. मुले हे असे करतात. एखादी गोष्ट चालते की नाही, हे जवळच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर वाचतात. त्या क्षणी आमच्या चेहऱ्यांवर काय होते ते आम्हांला पक्के ठाऊक आहे, कारण ते आमचे नेहमीचे आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरी ठेवावे तसे एक मऊ, अर्थशून्य हसू. मुलाने ते वाचले. पुढच्या वेळी चेंडू नऊ नंबरकडे गेला तेव्हा त्याने पेला खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तसाच आवाज काढला. नीट जमला नाही म्हणून पुन्हा काढला.

सामना संपला. नऊ नंबरचा खेळाडू गोलखांबाची जाळी सोडवून गुंडाळायला मदत करत होता. आमच्यापासून पंधरा पावलांवर. आम्ही जाळी गुंडाळून होईपर्यंत तिथे उभे होतो. काही बोललो नाही. शेवटची गाडी होती, ती गाठायची होती, असे कारण नंतर सुचले. प्रत्यक्षात ती गाडी सव्वा तासाने होती.

गाडीत वाद झाला. वाडीकराचे म्हणणे, आपण परगावचे, दोन माणसे. वीस पोरांशी काय बोलणार? कोल्हापूरकर म्हणाला, वीस पोरांचे सोड, एका मुलाशी बोलायचे होते. वाडीकर म्हणाला, मग तू का नाही बोललास? याला उत्तर नव्हते. घाट उतरून गाडी खाली आली तेव्हा कोल्हापूरकराने सवयीने वही काढली, बसच्या दिव्यात मैदान, संघ आणि निकाल लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात हात आपोआप चालल्यासारखे दोन शब्द लिहिले. ते दोन शब्द असे : 'प्रेक्षक उत्साही.'

त्या शेऱ्याविषयी आम्ही कितीतरी वेळा बोललो आहोत. तो खोटा नाही, हीच त्यातली भयंकर गोष्ट. मराठी गद्यात असे किती शेरे असतील, असा विचार मग मनात येऊ लागला. जत्रांची वर्णने, प्रवासवर्णने, बालपणीच्या गावाच्या हळव्या आठवणी. त्यांत कुणीतरी तटावर उभे राहून 'वातावरण उत्साही' लिहिले आहे आणि तेव्हा प्रवाहात काय चालले होते हे कुणी दुसऱ्याने, फार वर्षांनी, आत्मकथनात लिहिले आहे. दलित आत्मकथने शिकवताना ती 'तटस्थपणे' वाचावीत की नाहीत यावर आम्ही परीक्षेत प्रश्न विचारतो. दरवर्षी सावळ्या रूपाचे अभंग शिकवतो, काळेपणातले सौंदर्य फळ्यावर मुद्दे काढून समजावतो. त्या दिवशी यांतले काहीच आमच्या चेहऱ्यावर आले नाही. एका मुलाने आमची तोंडी परीक्षा घेतली होती, आणि आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना ज्या उत्तराबद्दल शून्य देतो तेच उत्तर दिले होते.

भट्टनायकाची चूक नव्हती. त्याचा प्रेक्षक नाट्यगृहातला आहे. रंगमंचावरचा राम त्याच्याकडे परत पाहत नाही. लहान मैदानावर खेळाडू परत पाहतो. सगळे ऐकू येते, असे आम्ही वर कौतुकाने लिहिले; पण ते दोन्ही बाजूंनी खरे आहे. आम्हांला बुटाचा आवाज येतो तसा त्यालाही आमचा येतो. साठ हजारांच्या गर्दीत आपण गप्प राहिलो तर ते कुणाच्या लक्षात येत नाही. तीनशे जणांत गप्प बसणेही एक आवाज असतो.

पुढच्या हंगामात आम्ही त्याच मैदानावर गेलो. काय करायचे होते ते ठरले नव्हते. तो खेळाडू संघात नव्हता. चहावाल्याने सांगितले, 'गेला. कुठं गेला काय ठाऊक. चांगला होता पोरगा.' मग २०२० आले आणि मैदाने बंद झाली. दोन वर्षे वही कपाटात राहिली.

२०२३ च्या फेब्रुवारीत एका तिसऱ्याच मैदानावर होतो. सामना रटाळ चालला होता. एका संघात आफ्रिकी बचावपटू होता. त्याने डोक्याने चेंडू दूर धाडला आणि आमच्या उजव्या हाताने तोच आवाज आला. या वेळी एकच मुलगा होता, बारा-तेरा वर्षांचा, आणि शेजारी त्याचे वडील. वडील मोबाइल पाहत होते. वाडीकर सरकून त्या मुलाजवळ गेला आणि म्हणाला, 'बाळा, असा आवाज नको काढूस. त्याला ऐकू जातंय.' एवढेच. मुलगा ओशाळला. वडिलांनी मान वर केली. ते चिडलेले नव्हते, त्यांना फक्त हिशेब लागत नव्हता. त्यांनी आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले,

'तुम्ही कुणाकडचे?'

आजवर या प्रश्नाला आम्ही शंभरदा उत्तर दिले असेल : 'कुणाकडचे नाही, सहज आलो.' त्या दिवशी ते उत्तर तोंडाशी येऊन थांबले, कारण ते दिले असते तर मघाचे वाक्य बोलायचा अधिकारच गेला असता. सहज आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मुलाला का टोकावे? कोल्हापूरकर म्हणाला, 'त्याच्याकडचे,' आणि बोटाने त्या बचावपटूकडे दाखवले.

वडील क्षणभर गप्प राहिले. मग काही विशेष न घडल्यासारखे म्हणाले, 'मग त्यांची माणसं पलीकडं बसल्यात. इथं कशाला?'

त्यांचे बरोबरच होते. आम्ही उठलो, पिशव्या उचलल्या आणि गोलखांबामागून फेरी मारून पलीकडे जाऊन बसलो. तिथे कुणीसे सरकून जागा केली. 'कुणाकडचे?' असे विचारले नाही, कारण त्या बाजूला बसलो म्हणजे ते सांगितल्यासारखेच होते. पंधरा-सोळा वर्षांत प्रथमच, आमच्यापैकी कुणाचाही नसलेला एक संघ त्या अर्ध्या तासापुरता दोघांचाही झाला. खेळाचे सौंदर्य वगैरे काही दिसले नाही. शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल खाऊन तो संघ हरला, आणि वाईट वाटले. अगदी साधे, बाळबोध वाईट. पंचांनी दुसऱ्या गोलाच्या वेळी ऑफसाइड द्यायला हवा होता, असे आमचे आजही मत आहे.

पलीकडच्या त्या मुलाने पुन्हा तसा आवाज काढला की नाही, ते आमच्या बाजूला ऐकू आले नाही.

परतताना वहीत नोंद केली. आता आम्ही शेऱ्याचा रकाना रिकामा सोडतो आणि त्याच्यापुढे एक पाचवा रकाना आखला आहे. २०१९ ची ती नोंद मात्र खोडलेली नाही. वाडीकर एकदा खोडायला निघाला होता. कोल्हापूरकराने वही काढून घेतली. ती आमच्या दोघांच्या वतीने लिहिलेली नोंद आहे आणि तशीच राहायला हवी.